त्यांच्या प्रोसेसरसाठी मदरबोर्ड

आमच्या लोखंडी कपाटात, माझ्या शालूच्या घडीखाली, प्लॅस्टिकची एक चपटी डबी होती. आत काळ्या फोमवर कॉम्प्युटरचा प्रोसेसर. माझ्या नवऱ्याने तो पुण्याहून सुटा आणला होता. "याचा भाव आत्ता उतरलाय, घेऊन टाकला. मदरबोर्ड पुढच्या खेपेला आणू," असं म्हणाले होते. पुढची खेप झाली नाही. श्रावणात त्यांना कावीळ झाली, पहिले दिवस झाडपाल्याच्या औषधात गेले, आणि पोळ्याच्या आधीच ते गेले.

सिरसाळ्यात आमचं किराणा-भुसाराचं दुकान. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना मामी. हे एकुलते एक, पण गल्ल्यावर त्यांचं मन कधी रमलं नाही. रोज एसटीने अंबाजोगाईला जाऊन तिथल्या एका क्लासमध्ये ते कॉम्प्युटर शिकवायचे. ते दिवसच तसे होते. गावात एसटीडीचे पिवळे डबे आले होते, घराघरांवर केबलच्या वायरी लोंबत होत्या, आणि शेतकऱ्यांची पोरंसुद्धा विचारायची, कॉम्प्युटर शिकल्यावर नोकरी लागते का हो? यांना गावातच क्लास काढायचा होता. दुकानाशेजारची खोली त्यांनी स्वतः रंगवली. टेबल करून घेतलं, कुठून मॉनिटर आणला, कुठून सगळे भाग आत बसवायचं रिकामं कॅबिनेट. जमेल तसा एकेक भाग गोळा होत होता.

त्या खोलीत खिळ्याला एक जळका मदरबोर्ड टांगलेला होता, कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्या खाचांत बसतात ती पाटी. त्याच्यावरच त्यांनी मला शिकवलं. दुपारी जेवणं झाली की बोर्ड मांडीवर घ्यायचे आणि विचारायचे, "ही लांब खाच कशाची? आणि ही पांढरी?" माझं उत्तर चुकलं की हसायचे नाहीत, पुन्हा विचारायचे. प्रोसेसर आणला त्या दिवशी उजेडात तिरपा धरून दाखवला. वरच्या धातूच्या चकतीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. "याला आपण कधी ताणायचं नाही," म्हणाले. "लोक महागाचा बोर्ड घेतात आणि याला ठरल्यापेक्षा जास्त पळवतात. आपल्याला पोरांना टायपिंग शिकवायचंय. तो त्याच्या चालीनं चालू दे."

दिवसकार्य झाल्यावर धारूरहून माझा भाऊ जीप घेऊन आला. "चल ताई, इथं आता तुझं काय हाय?" मामा ओसरीवर मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "तिला जायचं आसंल तर मी आडवत न्हाई." मी आत जाऊन कपाट उघडलं. पातळं काढायला म्हणून उघडलं आणि हाताला ती डबी लागली. मी बाहेर आले आणि भावाला म्हणाले, "क्लास काढायचा राहिलाय." असं काही बोलायचं मी आधी ठरवलं नव्हतं. भाऊ एकटाच जीपकडे वळला. मामांनी मान वर केली.

दिवाळीनंतर मामा आणि मी औरंगाबादला निघालो. मामांनी रिकामं कॅबिनेट चादरीत बांधून खांद्यावर घेतलं होतं. डबी माझ्या पिशवीत होती. बीडला गाडी बदलली. मामा सगळ्या वाटेत एकदाच बोलले. "आपल्याला फसवतील का गं?" मी म्हणाले, "न्हाई मामा, मला खाचा कळतात."

दुकान एका बोळात, वरच्या मजल्यावर. दुकानदार आमच्या यांच्याच वयाचा असेल. बोलायला सरळ. त्याने डबीतला प्रोसेसर बघितला आणि काउंटरवर बोर्ड मांडले. एक मोठा, चकचकीत. त्याच्यावर प्रोसेसरचा वेग वाढवायची सगळी सोय. एक मधला. आणि एक लहान, स्वस्त, ज्याच्यावर चित्राची आणि आवाजाची सोय आधीच बसवलेली, वेगळी कार्डं घ्यायला नकोत.

"चालवणार कोण?" त्याने विचारलं.

"माझा मुलगा," मामा म्हणाले.

मी मामांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. बोर्डाकडे बघत होते.

"ते काय करतात?"

"मास्तर हाय कॉम्प्युटरचा. अंबाजोगाईला."

"मग त्यांना वेग वाढवायचा नाद असेल. हा मोठा बोर्ड न्या."

"न्हाई," मामा म्हणाले. "तो ताणत न्हाई."

यांनी ते मामांना कधी सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. बापलेकांचं बोलणं फार कमी. मामांच्या तोंडून तो शब्द ऐकला. वाटलं, हे मागच्या जिन्यावर चप्पल काढून उभे आहेत आणि कुठल्याही क्षणी आत येऊन म्हणतील, बघू.

दुकानदार मला समजावू लागला. "वहिनी, ताणायचा नसेल तर मोठ्या बोर्डाचा काही उपयोग नाही. पण या लहान बोर्डावर पुढं चित्राचं चांगलं कार्ड टाकता येणार नाही. त्यांना चालेल का?"

"चालेल त्यांना," मी म्हणाले. "त्यांना टायपिंग आणि हिशेबाचे प्रोग्राम शिकवायचेत. मेमरीला दोन खाचा आहेत का? एक पुढं वाढवायला लागेल त्यांना. आणि जुना प्रिंटर जोडायचाय, त्याची मागची जागा?"

बोर्ड उलटापालटा करून मी एकेक खाच पाहिली, जळक्या बोर्डावर बघायची तशी. एक खाच मॉडेमसाठी रिकामी राहत होती. आमच्या घरी फोनची लाइन आली तर उपयोगी पडली असती. मी विचारत होते, दुकानदार सांगत होता, मामा मध्येच "त्याला हे लागतंय," "त्याला ते आवडत न्हाई" असं बोलत होते. त्या काउंटरवर हे जिवंत होते. आम्ही दोघं मिळून त्यांना जिवंत ठेवत होतो, आणि थांबायचं कसं ते दोघांनाही कळत नव्हतं.

शेवटी दुकानदार म्हणाला, "पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या. काही अडलं तर समोरासमोर सांगता येईल."

मामा हो म्हणाले.

लहान बोर्ड ठरला. दुकानदाराने प्रोसेसर बोर्डात बसवला, पंख्याखाली लावायची पांढरी पेस्ट काढली आणि दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा घेतला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"पुसू नका," मी म्हणाले.

"कावून?" मामांनी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, यावर हाताचा तेलकट डाग आहे. तो राहिला तर पेस्ट नीट बसत नाही. प्रोसेसर तापून बंद पडेल." चकतीवरचा ठसा ट्यूबलाइटखाली स्पष्ट दिसत होता, अंगठ्याच्या रेषांसकट. मी मान हलवली. त्याने एकदाच बोळा फिरवला. चकती आरशासारखी झाली. परतीच्या गाडीत मला अंधारलेल्या काचेत माझंच तोंड दिसत होतं. मी काच सरकवून उघडली आणि गारठा आला म्हणून पुन्हा लावायला गेले, तर मामा म्हणाले, "राहू दे, वारं लागू दे."

मशीन घरी आलं आणि सुरू झालं. मी खोलीत बसून हात बसवत होते. क्लास संक्रांतीनंतर सुरू करायचं ठरलं.

तोवर एके दुपारी ते घडलं. वीज गेलेली होती. परळीत विजेचं एवढं मोठं केंद्र, आणि आमच्याकडे दुपारचा दिवा कधी असेल त्याचा भरवसा नाही. मी मागे धुणं वाळत घालत होते. मामी मधल्या घरात ज्वारी निवडत होत्या. वीज आली, पंखा फिरला, आणि बंद खोलीतून 'टिप्' असा आवाज आला. मग घरघर. मामींनी सूप खाली ठेवलं आणि हाक मारली, "आलास का रे?"

मी ओल्या हातांनी धावत आले. खोलीचं दार लोटलं. कुणी नव्हतं. पडद्यावर पांढरी अक्षरं एकाखाली एक उमटत होती. मी स्वतः ते मशीन सकाळी बंद केलं होतं. खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती. ती मीच तशी ठेवली असणार. तरी मला त्या खुर्चीला हात लावायचा धीर झाला नाही.

त्यानंतर वीज आली की रोज तसंच व्हायला लागलं. मशीन आपणहून सुरू होई आणि मामी हाक मारत. नाव घेऊन, लहानपणच्या लाडाच्या नावाने. हळूहळू त्या वीज येण्याची वाटच बघायला लागल्या. जेवायला बसवलं तर म्हणायच्या, "दिवा येऊ दे." त्या खुर्चीवर त्या मलाही बसू देईनात. शेजारच्या बाया आमच्या दारावरून जाताना पदर सावरून भराभर जायला लागल्या. आणि मी? जळक्या बोर्डावर शिकलेली मी, मीही तो आवाज आला की हातातलं काम थांबवायचे. 'टिप्' आणि घरघर यांच्यामध्ये जो एक क्षण असायचा, त्याला मी भ्यायचे. त्या क्षणात घर भरलेलं असायचं.

बोर्डाबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तिका आली होती. डिक्शनरी घेऊन मी ती वाचायला बसले. शेवटी सापडलं. वीज जाऊन परत आली तर मशीनने काय करायचं, हे बोर्डालाच सांगून ठेवता येतं. बंद राहायचं, चालू व्हायचं, किंवा पूर्वी होतं त्या स्थितीत जायचं. आमचा बोर्ड 'चालू'वर होता. दुकानदाराने तपासताना तसा ठेवला असेल, नाहीतर कारखान्यातूनच तसा आला असेल. मी पडद्यावर ती ओळ उघडली. तिसऱ्या पर्यायावर बोट थांबलं. पूर्वीची स्थिती. मी बराच वेळ तिथेच बसले आणि काही न बदलता बाहेर आले.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बंद कर ते. ती खाती न्हाई, पिती न्हाई." मग लगेच म्हणाले, "पर तिला इचारून कर."

मी मामींना हाताला धरून खोलीत नेलं. पुस्तिका दाखवली. बोर्ड कसा वागतो ते सांगितलं.

"मला येडी समजती का?" त्या म्हणाल्या. "मेलेला माणूस डब्यात येत न्हाई, कळतंय मला."

"मग मामी, हाक का मारता?"

"आवाज झाला म्हणून मारते. आवाज नसताना हाक मारली तर तुमी समदे माझ्या तोंडाकडं बघता." त्यांनी पदराने टेबल पुसलं. "लई महिने झाले, त्याचं नाव तोंडात घ्यायला जागाच न्हाई या घरात. तू घेत न्हाईस. हे घेत न्हाईत. मग मी कुठं घेऊ?"

मी पुस्तिका मिटली. बोर्ड तसाच राहू दिला.

संक्रांतीनंतर पहिल्या मुली शिकायला आल्या. त्यांतली एक, शिरूर कासारकडची, गावातल्या आपल्या मामाकडे राहून शिकणारी. आईबाप ऊसतोडीला गेलेले. एका दुपारी वीज नव्हती म्हणून ती एकटीच खोलीत की-बोर्डावर कोरडी बोटं फिरवत बसली होती. वीज आली, मशीन सुरू झालं, आणि बाहेरून मामींची हाक आली. पोरगी किंचाळत अंगणात आली. मामींनी तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ती गेल्यावर माझ्याकडे आल्या.

"कुठं दाबायचं ते दाव," म्हणाल्या.

मी ओळ उघडून दिली. त्यांचं बोट मी धरलं नाही. नुसतं दाखवलं. मामींनी चष्मा नीट केला, बोट बटणावर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दाबलं. 'चालू'चं 'बंद' झालं. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. "झालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परातीत पीठ मळत होते. वीज आली. पंखा फिरला, फ्रिजने धक्का दिला, दुकानातला रेडिओ मध्येच बोलायला लागला. बंद खोलीतून काही नाही. मी हात तसेच पिठात ठेवून ऐकत राहिले. मामी मधल्या घरात होत्या, त्याही ऐकत होत्या, मला कळत होतं. घर कधी एवढं रिकामं झालं नव्हतं, ते गेले त्या दिवशीही नाही. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अहो."

लग्नात नाव घेतलं तेवढंच. एरवी मी त्यांना दुसरी हाक मारलेली नव्हती.

मामी उठून आल्या. दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, काही विचारतील. त्या खाली बसल्या, परात आपल्याकडे ओढली आणि राहिलेलं पीठ मळायला लागल्या. मळता मळता त्यांनी यांची एक गोष्ट सांगितली, लहानपणी ते गुळाच्या ढेपेवर झोपले होते आणि मुंग्यांनी कसे फोडून काढले होते ती. मी हसले. मामा दुकानातून आत आले आणि म्हणाले, "ढेप न्हाई गं, पोतं व्हतं साखरेचं." आणि त्यांनी यांचं नाव घेतलं.

क्लास बरीच वर्षं चालला. तो बोर्ड पुढे एका उन्हाळ्यात गेला. त्याच्यावरची छोटी नळकांडी फुगून आली आणि मशीन मध्येच थांबायला लागलं. तोवर खोलीत आणखी मशीनं आली होती आणि त्यांचे बोर्ड मी एकटीने औरंगाबादला जाऊन निवडले होते. त्याच बोळात, त्याच दुकानात. दुकानदार दर वेळी विचारायचा, "भाऊसाहेब कसे आहेत?" मी म्हणायची, "बरे आहेत." खरं सांगायची वेळ मी दर वेळी पुढे ढकलली, आणि मग एकदा गेले तर तिथे साड्यांचं दुकान झालेलं होतं.