फुईचा बंद पंखा

आमच्या भागाफुईकडे येणारा प्रत्येक माणूस आधी वर बघायला शिकायचा. फुई म्हणजे वडिलांची बहीण. मला तिनेच वाढवलं. सुरतेत लिंबायतला आमची एक खोली आणि तिच्या मधोमध माझ्या सासऱ्यांनी आंदण दिलेला पंखा. दिमाखात लटकलेला. बंद.

पंख्याच्या वरच्या वाटीत चिमणीने पिल्लं काढली होती. घरट्यात काड्या नावालाच. बाकी सगळा मी कामाला जायचो त्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमधला गुलाबी-हिरवा रेशमी धागा. माझ्या बायकोच्या शालूपेक्षा भारी काम! "बटनले हात लावू नको रे भो!" फुई गरजायची. "त्यासनी इहीर आपण बुजी, वर शेड बांधं. मंग त्या कुठे जातीन?" शेडच्या जागी खरंच आधी विहीर होती, तिच्या कपारीत चिमण्या राहायच्या; ती बुजवली. लूमवर दिवसभर रुबाब करणारा मी घरी येऊन मुकाट्याने पुठ्ठ्याने वारा घ्यायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला सासरे स्वतः आले. ऊन मी म्हणत होतं. टोपीखालून घामाच्या धारा, डोळे पंख्यावर. फुई त्यांना सुपाने वारा घालू लागली. सुपातला कोंडा त्यांच्या मिशांत.

"इहीनबाई, पंखा काय शोभेला टांगला? माझ्या लेकीला असं उकडत ठेवता? नेतो तिला. परत धाडायचं का, ते मग बघू!" म्हणत ते बटनाकडे निघाले.

मोठा धीर करून मी म्हणालो, "मामा, चहा?"

फुई सूप आडवं धरून बटनासमोर उभी राहिली. तेवढ्यात वाटीतून एक पिल्लू फडफडत सुटलं आणि थेट सासऱ्यांच्या टोपीवर!

"याहीबुवा, हालू नका!"

मागोमाग चिमणी आली आणि टोपीवर बसून पिल्लाला भरवू लागली. सासरे दगड झालेले. फक्त बुबुळं वर. लग्नापासून पदराआड हसणारी माझी सुमन पोट धरून जमिनीवर बसली. ते खदखदणं ऐकून सासऱ्यांच्या मिशा थरथरल्या. "हसते की माझी पोर इथं," ते पुटपुटले. मग अगदी हळू, "इहीनबाई, ह्यांचं जेवण कधी उरकेल?"

आखाजी झाली आणि सुमन परतली. सोबत वडिलांनी दिलेले ताडाच्या पानाचे हातपंखे.

फुईला जाऊन वर्षं झाली. खोली बदलली, पंखे वाढले. पण बटन दाबण्याआधी आम्हा दोघांची मान आपोआप वर जाते. परवा नव्या जावयाने लेकीला हळूच विचारलं, "तुझे आईबाबा पंख्याला नमस्कार करतात का?"

"जावईबापू, तुम्हीही करा," सुमन आतून ओरडली, "पण टोपी घालून!"