रुंद गल्लीत पाइप पोचत नाही

मी गाव सोडलं त्या दिवशी मला निरोप द्यायला गल्लीतलं कुणीही आलं नाही, कारण नळाला पाणी आलं होतं.

ह्या वाक्यात तुम्हाला दुःख दिसलं असेल तर तुम्ही आमच्या गावचे नाही. मी मात्र निरोपाची जय्यत तयारी केली होती. नवा शर्ट, केसांना तेल, आणि पायरीवर थांबून मागे वळून बघायची एक पोझ आरशासमोर बसवून ठेवलेली. दुष्काळाचं वर्ष होतं. धरण तळाला गेलेलं, नळ चौथ्या दिवशी यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. रिक्षा दारात उभी राहिली, मी पोझ घेतली, आणि तेवढ्यात घराघरांतून मोटारी घरघरायला लागल्या. मला हार घालायला निघालेली माणसं माझी बॅग ओलांडून पाइप ओढत पळाली. न्हाणीतून आईचा आवाज आला, "नीट जा रं! पोचलास की फोन कर! आन् जाताना त्या पाइपावर पाय देऊ नको!" बाबा तेवढे सोडायला आले, तेही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

असा मी निघालो आणि नशिबानं पडलो कुठं, तर रॉटरडॅममध्ये. हे शहर समुद्राच्या पातळीखाली आहे. इथं माणसं पाणी बाहेर फेकायचा पगार घेतात. घर भाड्यानं घेताना मी एजंटला विचारलं, "टाकी कुठंय?" तो म्हणाला, "कसली टाकी?" मी गच्चीकडे बोट दाखवलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी हत्ती कुठं बांधायचा असं विचारलंय. ऑफिसातला सहकारी नळ तसाच सोडून गप्पा मारत कप विसळायचा, तेव्हा माझं गप्पांत लक्षच नसायचं. त्याच्या हाताखाली बादली धरायची नाही, एवढा एकच संयम मी परदेशात शिकलो.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटत असेल आम्ही गेलो ते सुटलो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्हाला ठाऊक आहे की आपण कुठंही बसलो तरी गावचा नकाशा मनात उघडाच असतो. मी पन्नाशीला आल्यावर माझा नकाशा कॉम्प्युटरवर उतरला. शहर बांधायचा एक गेम असतो. रस्ते टाका, घरं वसवा, वीज द्या, पाणी द्या, माणसं आपोआप राहायला येतात. शहराचं नाव विचारलं तेव्हा मी थबकलो. मी निघालो तेव्हा पाटीवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे, आणि आमची आई जन्मभर दोन्ही सोडून नुसतं 'गाव' म्हणत आली आहे. मीही 'गाव' असंच लिहिलं आणि कामाला लागलो.

काय सांगू! खाम नदी खणली. भडकल गेट, पैठण गेट, दिल्ली गेट, सगळे दरवाजे जागच्या जागी उभे केले. पाणचक्की केली, मकबरा केला. गुलमंडी केली, औरंगपुरा केला, पलीकडे सिडको अंथरलं, वाळूजचे कारखाने धुरासकट बसवले. बायको चहा ठेवून जाताना म्हणाली, "ह्याचा काही पगार मिळतो की नगरसेवक व्हायचंय?" शहर वसवणारी माणसं अशा प्रश्नांना उत्तरं देत नसतात.

शाळेपासूनचा दोस्त सलीम, त्याचं औरंगपुऱ्यात वह्या-पेनांचं दुकान आहे. त्याला व्हिडिओ पाठवला. त्याचा आवाज आला, "क्या मियाँ, गेट के बाजू में इतनी खाली जगा कायकू रखा? वहाँ चाय का ठेला है ना! और ये गाड़ियाँ सिग्नल पे रुक रही हैं? नक्को रे बाबा, ये अपना गाँव हैच नहीं."

पण खरं सांगतो, हे सगळं मी सलीमसाठी केलं नव्हतं. माझा एक कपटी डाव होता. बाबा गेल्यापासून आई एकटी राहत होती. गुडघे दुखतात, उन्हाळ्यात टँकरचं पाणी वर चढवावं लागतं, आणि यंदा पाऊस पुन्हा रुसलेला. मी कितीदा म्हटलं, इकडे ये. ती दर वेळी नवं कारण काढायची: पापड वाळायचेत, डोळ्याचं ऑपरेशन, वैजापूरच्या मावशीची तब्येत. शेवटी तिचा व्हिसा आला, खोली तयार झाली, फक्त तिच्या तोंडून 'हो' येईना. मी म्हटलं, हिचा जीव गावात अडकलाय ना, मग आपण गावच इकडे आणू. गाव दाखवायचं, डोळ्यांत पाणी आणायचं आणि त्या ओलाव्यात तिकीट काढून टाकायचं.

रविवारी फोन लावला, स्क्रीन तिला दिसेल अशी ठेवली आणि तिला आकाशातून फिरवून आणलं. मकबऱ्यावर मी मुद्दाम थोडा थांबलो. आई म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. आपली गल्ली कुठंय?"

मी खाली उतरलो. गल्ली दाखवली, घर दाखवलं, घरासमोर कडुलिंबही लावला होता. आई चष्मा पुसून पुन्हा बघायला लागली. मी रुमाल शोधायला लागलो.

"एवढी रुंद?"

"अगं, गेममध्ये याहून अरुंद रस्ताच मिळत नाही."

"मग माझा पाइप समोर पोचंल कसा?"

"समोर कशाला पोचायला पाहिजे?"

मग आईनं मला जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. समोरची सुमन आणि तिचा नवरा सकाळीच वाळूजला कामाला जातात. शेजारचे मास्तर लेकीकडे असतात. मागच्या घरातली दोन्ही पोरं नोकरीवर. ही सगळी माणसं जाताना किल्ल्या आईकडे देऊन जातात. आमच्या दाराआड खिळ्यांवर त्या ओळीनं टांगलेल्या असतात. पाणी आलं की आई एकेक घर उघडते, मोटार लावते, ड्रम भरते, कुलूप घालते. समोरच्या घराचा नळ उंचावर आहे, तिथं मोटार ओढत नाही, म्हणून आपल्या अंगणातून पाइप गल्ली ओलांडून टाकायचा. ज्या बाईला मी एकटी, थकलेली, टँकरमागे पळणारी समजत होतो, ती अख्ख्या गल्लीचा पाणीपुरवठा चालवत होती.

"आन् तुझ्या गावात पाणी कवा येतं?" तिनं विचारलं.

"इथं चोवीस तास येतं, आई."

"मंग ते आपलं कसलं? चौथ्या दिवशी सोड."

मी पंप बंद केला. थोड्या वेळानं घरांवर थेंबाची खूण लुकलुकायला लागली, मग एकेक घर काळवंडलं. आमच्या गल्लीतली माणसं बॅगा भरून शहर सोडून चालली. समोरचं घर गेलं, मास्तरांचं गेलं, आपलंही गेलं.

"कुठं चालली ही?" आई पुढे वाकली.

"पाणी नाही म्हणून गेली."

"शेजारी इचारलं का त्यांनी?"

"गेममध्ये तसं नसतं."

"लईच बिचारी माणसं," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरीखुरी कीव होती.

मी डाव सोडला नव्हता. म्हटलं, "आई, तू आलीस तर त्या किल्ल्या दुसरं कुणीतरी घेईल की."

"घेईल ना. सुमनची सासू यायचीय ऱ्हायला, तीबी करंल. माझ्यावाचून पाणी थांबतंय व्हय?" मग तिनं अगदी सहज विचारलं, पापडाचं विचारावं तसं: "तुझ्याकडं कुणाच्या किल्ल्या हायेत?"

मी बोलघेवडा माणूस. लग्नात माइक माझ्या हातून काढून घ्यावा लागतो. पण त्या दिवशी मी खिशातली माझीच किल्ली चाचपत बसलो. इथं इतकी वर्षं काढली, घर घेतलं, भाषा शिकलो, सायकलही शिकलो. कुणाची किल्ली माझ्याकडे नव्हती. माझी कुणाकडे नव्हती. आईला खोली, हीटर, चोवीस तास पाणी सगळं देऊ शकत होतो. दुपारी दोन वाजता तिनं कुणाचं दार वाजवायचं, हे मात्र मी बांधलंच नव्हतं.

आमच्या शेजारी योहानाबाई राहतात. निवृत्त परिचारिका, एकट्या. जिन्यात भेटलो की आम्ही हवामानावर बोलतो, आणि इथलं हवामान म्हणजे पाऊस, त्यामुळे विषय लवकर संपतो. इथं कुणाकडे जायचं तर आधी वार ठरवावा लागतो, वेळ ठरवावी लागते. मी काहीच न ठरवता त्यांची बेल वाजवली आणि घराची जादा किल्ली पुढे केली.

"कुठं निघालात?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही."

"मग?"

"असू द्या तुमच्याकडे."

त्यांनी किल्ली उलटसुलट करून बघितली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता पोलिसांना फोन जाणार. त्या म्हणाल्या, "आत या." तासाभरानं मी बाहेर आलो तेव्हा त्यांच्या मांजराचं नाव, त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा स्वभाव आणि त्यांच्या घराची किल्ली, तिन्ही माझ्याकडे होती. दारात त्या म्हणाल्या, रक्तदाब कधीकधी वाढतो, कुणाकडे तरी किल्ली असावी असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, पण द्यायची कुणाला?

आईला हे सांगितलं. साग्रसंगीत सांगितलं, योहानाबाईंच्या आवाजासकट. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "दोन महिने येते."

माझा विश्वास बसेना. "खरंच? घर बघायला?"

"घर तर फोनवर बघितलंय की," आई म्हणाली. "शेजारीण बघायला येते."