गोल्फच्या मैदानावरची टिटवी

दिग्रसहून पहिली एसटी धरली तेव्हा आईने विचारलं, "गोल्फ म्हणजे काय असते वं?" मला नीट सांगता आलं नाही. मीही ते कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि हे कामही कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी मिळवून दिलेलं. वणीकडे एका खाण वसाहतीच्या गोल्फ मैदानावर पक्ष्यांची घरटी राखतात. तिथे रविवारी शाळेच्या मुलांना टिटवीची अंडी लांबून दाखवायची, एवढंच काम.

यवतमाळला गाडी बदलली. पुढे चढावर तिच्या इंजिनाचं पाणी उकळलं आणि आम्ही सगळे बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहिलो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची (कपाशीची) मोकळी वावरं (शेतं) नांगरून पडलेली. पोचले तेव्हा दुपार कलली होती.

हिरवंगार मैदान दिसेल असं वाटलं होतं. समोर वाळलेलं पिवळं गवत, मुरूम, आणि भोकाभोवतीच्या हिरवळीच्या जागी 'ब्राउन' (तेल मिसळलेल्या वाळूचं गोल वर्तुळ). मैदानाचे माळी रहीमचाचा म्हणाले, "पाणी कुठून आणावं, मॅडम? साहेब लोक वाळूवरच खेळतात." घरट्याजवळ ते लाल झेंडी लावतात, तिथे पडलेला चेंडू कोणी उचलायचा नाही, असा इथला नियम.

पण झेंडीजवळच्या खळग्यात अंडी नव्हती. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

"मुंगूस असन," चाचा कळवळून म्हणाले.

गवत काढणाऱ्या सुमनबाई मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मुंगूस नाही, चाचा. म्या उचलले. आत्ताच."

पलीकडच्या उंच टेकाडावर चार अंडी मांडून ठेवलेली होती. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खोलात घातली तर कमी, असं इकडचे लोक पेरणीआधी पाहतात. सुमनबाईंचं कोरडवाहू वावर कुंपणाला लागूनच.

"दोन सालं पऱ्हाटी जळून राह्यली," त्या म्हणाल्या. "यंदा तरी उंचावर असू द्या म्हटलं."

चाचांना हसू आवरेना. "अवं बाई, पेपर तूच लिहिला अन् तूच तपासला! टिटवीले विचारलं काय?"

मी अंड्यांना हात लावला. ती उन्हाने चांगलीच तापली होती. "मावशी, टिटवी जुन्या जागीच शोधेल," मी म्हटलं. "ती बसली नाही तर आतली पिल्लं मरतील."

सुमनबाईंनी अंडी पदरात घेतली. खळग्यापाशी येऊन त्या थांबल्या. वळून एकदा आपल्या वावराकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी एकेक अंडं ठेवलं, निमुळतं टोक आत करून, पहिल्यासारखं.

आम्ही लांब कडुनिंबाखाली बसलो. चाचा पुटपुटले, "माणसाचा हात लागला. आता घेते का नाही..." मी पुस्तकात वेगळं वाचलं होतं, पण छातीठोक सांगायचा धीर झाला नाही. तेवढ्यात खेळायला साहेब आले. चाचांनी हात आडवा केला.

"किती वेळ, चाचा?"

"तिले लागन तितका."

साहेबही काठ्या ठेवून आमच्याजवळ बसले. सुमनबाईंनी भाकरी-ठेचा सगळ्यांना दिला. स्वतः घास तोडला नाही.

टिटवी उतरली ती आधी टेकाडावर. इकडेतिकडे पाहिलं. मग लांबच्या डबक्यावर जाऊन, अंडी गार करायला पोट भिजवून आली, थबकत थबकत खळग्याशी गेली आणि पिसं फुलवून अंड्यांवर बसली.

"बसली वं माय!" सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "पाऊस कमी तर कमी. तिचे लेकरं तं निघतीन."

रविवारी मुलांनी श्वास रोखून टिटवी पाहिली. परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस कळत नाही, हे मी सुमनबाईंना सांगू शकले असते. आपल्या वाट्याचा चांगला पाऊस ज्या बाईने स्वतःच्या हाताने खाली उतरवून ठेवला, तिला काय सांगणार? मारेगाव मागे पडलं. उघडी वावरं सरकत होती, आणि मी, विज्ञानाची पदवीधर, प्रत्येक उंच धुऱ्यावर (बांधावर) टिटवी दिसते का, ते पाहत होते.