एका पानावरून केलेला नायक

गोष्ट रंगवून सांगायची मला खोड आहे. संगीत नाटकांचा इतिहास गोळा करणं हा माझा छंद. त्यात टाळ्या फार कमी मिळतात, म्हणून कुणी काही विचारलं की मी मागितल्यापेक्षा जास्तच देतो. त्यातून मी सांगलीचा. मराठी नाटक आमच्या गावात जन्मलं, हे आम्ही रिक्षावाल्यालाही ऐकवतो, आणि तोही सांगलीचाच असल्यामुळे आम्हाला चार गोष्टी जास्त ऐकवतो.

दोन वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. बोलणारे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. त्यांचे वडील तरुणपणी घर सोडून एका नाटक कंपनीत गेले होते. बऱ्याच वर्षांनी एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले आणि मेंढरं राखू लागले. कंपनीत काय करत होता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, होतो कंपनीत. गावानं आपलं ठरवून टाकलं की हा पडदे ओढायला होता. सुभेदार शाळेत असताना पोरं त्यांना ‘पडदेवाल्याचा’ म्हणायची. आता देवळापुढे सुभेदारांच्या देणगीतून यात्रेसाठी पक्कं स्टेज होत होतं आणि त्याला वडिलांचं नाव द्यायला गाव तयार झालं होतं. नावाखाली काय लिहायचं, एवढाच सुभेदारांचा प्रश्न होता. ट्रंकेत कागदांचं एक बाड होतं. त्यातल्या एका पानाचा फोटो त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला.

पानभर राजाचं भाषण होतं, वळणदार मोडी-बाळबोध मिसळीच्या अक्षरात. आता, जुन्या कंपन्यांत अख्खं नाटक कुठल्याच नटाच्या हाती देत नसत. पळवून दुसऱ्या कंपनीला दिलं तर? प्रत्येकानं फक्त आपली भाषणं उतरून घ्यायची. त्याला नक्कल म्हणत. हे मला ठाऊक होतं, आणि एखादी गोष्ट ठाऊक असणं किती धोक्याचं असतं ते त्या दिवशी कळायचं होतं. पानभर राजा, म्हणजे ही राजाची नक्कल. पाच मिनिटांत मी उलटा फोन केला आणि खड्या आवाजात जाहीर केलं, की तुमचे वडील कंपनीचे नायक नट होते. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ते म्हणाले, “थांबा. हिला सांगून येतो.”

उद्घाटनाला मला बोलावणं आलं. बाड पाहायच्या लोभानं मी तीन दिवस आधीच जाऊन थडकलो. ओसरीवर भिंतीला काळा दगड टेकवून ठेवला होता. सुभेदारांनी त्यावरची चादर दोन्ही हातांनी उचलली. वडिलांचं नाव, आणि खाली कोरलेलं: ‘संगीत नाटकांचे नायक नट’. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

मग बाड उघडलं. पहिल्या पानावर राणी होती. पुढे प्रधान, सखी, पहारेकरी, पुन्हा राजा. सगळ्यांची सगळी भाषणं, सगळी पदं. कडेला लाल पेन्सिलीनं बारीक टिपणं: ‘राजा इथे अडतो, दोनदा सांगणे.’ ‘राणीस दुसरी ओळ आधी देणे.’ अख्खं नाटक कंपनीत एकाच माणसाकडे असे. तो विंगेत उभा राहून, नट अडखळला की हळूच पुढचा शब्द सांगे. प्रॉम्प्टर.

त्या तालुक्यात हे ओळखू शकणारा बहुधा मी एकटाच होतो. गप्प बसलो असतो तर दगड लागला असता, हार पडले असते, माझं भाषणही झालं असतं. बाजरीची भाकरी आणि पावट्याची आमटी जेवून होईपर्यंत मी गप्पच बसलो. एरवी जेवताना माझं तोंड दोन्ही कामं करतं. सुभेदारांच्या पत्नीनं दोनदा विचारलं, आमटी तिखट झाली का. शेवटी हात धुऊन आलो आणि सांगून टाकलं. चूक माझी आहे, एका पानावरून बोललो, हेही सांगितलं.

सुभेदार दगडाकडे बघत राहिले.

“म्हंजे लोकांनी त्यास्नी कवा बघितलंच न्हाई.”

“नाही.”

“पडदेवाला काय, आन् पडद्यामागचा काय. एकच की.”

त्यावर बोलल्या त्या सुभेदारांच्या पत्नी, भांडी आवरता आवरता. लग्नात नाव घ्यायला त्यांना उभं केलं होतं. उखाण्याची पहिली ओळ झाली आणि दुसरी आठवेना. सगळा मांडव बघत होता, नणंदा हसायला लागल्या होत्या. तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, कुणीतरी दुसरी ओळ सांगितली. त्यांनी ती म्हटली आणि वळून पाहिलं, तर सासरे तोंड फिरवून कुणाला तरी पान देत होते.

सुभेदार म्हणाले, “पन्नास वर्सं झाली. मला कवा बोलली न्हाईस.”

“कसं बोलनार? मामंजींनीच सांगितलं हुतं. मागनं दिल्यालं भायेर सांगायचं नसतं. त्यानं उभा ऱ्हायल्याली मानसं पडत्यात.”

सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बाड मांडीवर घेऊन लाल पेन्सिलीची टिपणं एकेक करून वाचू लागले. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलवून. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, प्रॉम्प्टर कसं लिहायचं. मी चिठ्ठीवर लिहून दिलं.

पाथरवट दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि वैतागला. ‘नायक नट’ घासून काढायचं म्हणजे दगड तिथं अंगठाभर खोल जाणार, नवा शब्द बाकीच्या ओळीच्या आत राहणार, लांबून दिसायचासुद्धा नाही. नवा दगड घ्या, असं तो म्हणत होता.

“ऱ्हाऊ दे आत,” सुभेदार म्हणाले. “ज्याला वाचायचं त्यो जवळ यील.”