ताऱ्यांकडं जाणाऱ्या जहाजातला संडास

निजामाच्या राज्यात माझ्या दादानं ताऱ्यांकडं जाणारं जहाज बांधलं. कागदावर! त्याची शाळा उर्दू, तिथल्या हस्तलिखित अंकासाठी त्याला गोष्ट लिहायची होती आणि गोष्टीआधी जहाजाचा नकाशा काढायचा होता. धाराशिवात आमचं नवं घर तेव्हाच उभं राहत होतं, त्यामुळं घरात सगळ्यांनाच नकाशाचं वेड लागलेलं.

जहाज कसलं, आमचंच घर ते. पुढं ऐसपैस बैठक, गालिचा, लोड, पानदान. खिडक्या झाडून सगळ्या तिकडंच. मागं पडदा, पडद्याआड बायका, चूल आणि धूर. पुरुषांचा संडास बैठकीला लागून, आणि त्याची मागची भिंत नेमकी चुलीची. शी!

"आन् बायकांचा संडास?" मी विचारलं.

"बाहेर सगळा अंधारच हाय की," दादा म्हणाला. "अंधारातच जाता न्हवं तुम्ही?"

खोटं नव्हतं ते. उजाडायच्या आत आम्ही ओढ्याकडं जाऊन यायचो, मग दिवसभर कळ काढायची. त्यापायी आई पाणीच पीत नसे. लघवीला आग व्हायची, ताप भरायचा. हकीम सांगायचा, पाणी भरपूर प्या. डोंबलाचं पाणी! नव्या घरात बायकांसाठी एक संडास व्हावा, एवढंच मला पाहिजे होतं.

संध्याकाळी आमच्या वडलांनी, आबांनी, नकाशा बघितला आणि कपाळावर हात मारला. "अरं येड्या, वर्षभराचा प्रवास, बायका जाणार कुठं? दार उघडलं तर मरतील की! आधी त्यांची सोय कर."

दादानं नकाशात मागं एक खोली काढली. आबांचे पाय धरावेत असं वाटलं मला. मी धीर करून म्हणाले, "आबा, मग आपल्या नव्या घरात बी काढा की एक."

आबा हसले. "अगं, जहाजातून बाहेर पडता येत न्हाय. इथं येतं. एवढा माळ पडलाय. बायकांची घाण घरात कशाला?"

त्यांची स्वतःची घाण बैठकीशेजारी चालत होती! लई किळस आली मला त्या माणसाची, बाप असला तरी.

आई चुलीपाशी तापानं फणफणत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. तोंडाशी नेलेलं पाण्याचं फुलपात्र न पिताच खाली ठेवलं आणि ती भाकरी थापायला लागली.