जाते म्हणायचं नसतं

"जाते म्हनू व्हय? आजारी मानसाच्या उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन जाते म्हनू? जीब झडंल की माझी!"

"अहो मावशी, जाते नाय ओ, हुइल. हुइल म्हणजे बाय. त्या म्हातारीच्या भाषेत असंच बोलतात. बोला नि खलास करा."

"बाय म्हंजी तरी काय? जातेच की."

"मग काय बोलायचंय तुम्हाला?"

"येते. इचार तुझ्या त्या फोनाला, येते कसं म्हनायचं."

उपेंद्र चिपळूणकडचा. आखातातल्या अल ऐनमध्ये एजन्सीची व्हॅन चालवायचा. घराघरांत आजाऱ्यांचं करायला जाणाऱ्या बायका सकाळी सोडायच्या नि संध्याकाळी गोळा करून खोलीवर आणायच्या, हे त्याचं काम. सिग्नलला गाडी थांबली तसा त्यानं फोन तोंडाशी धरला, "मी येते" म्हणाला, आणि फोनातली बाई वेल्शमध्ये, त्या म्हातारीच्या भाषेत बोलली, "दुईन दोद."

"दुईन दोद," मुक्ताबाईनं जिभेवर घोळवून बघितलं. "ह्ये बेस. ह्यात वंगाळ काय न्हाई."

मागच्या बाकावरनं अन्वरी हसली. ती निजामाबादची, मुक्ताच्याच खोलीतली. "क्या रे मुक्ता, रूम में तो दीवार के सरीका चुप बैठती. उधर अंग्रेज की अम्मा से गप्पाँ मारती?"

"अंग्रेज नही वो. वेल्स का है," मुक्ताबाई तिच्या हिंदीत म्हणाली. कामावरच्या पहिल्याच दिवशी तिनं साहेबाच्या आईला, म्हणजे त्या म्हातारीला, 'इंग्लिश मॅडम' म्हटलं होतं, तेव्हा साहेबाचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालेलं तिनं बघितलं होतं. तेव्हापासून ही चूक तिनं दुसऱ्या कुणालाही करू दिली नाही.

मुक्ताबाई माणदेशातली, दहिवडीच्या पल्याडची. नवरा लवकर गेला. फलटणच्या एका दवाखान्यात आया म्हणून राबून तिनं पोरगा वाढवला. परेश शिकला, त्याचं लगीन झालं, विनिता सून म्हणून आली, आणि घर एवढंसं झालं. जा असं कुणी म्हणालं नाही. पण ओट्यापाशी दोन बायका आणि बसायला एक पाट, हे न कळायला मुक्ता काय दुधखुळी नव्हती. आखातात आजाऱ्यांजवळ बाया पाहिजेत असं कळलं, तशी तिनं पिशवी भरली. निघताना उंबऱ्यात उभी राहून "येते रं" म्हणाली. परेश फोनवर कुणाशी तरी बोलत होता. त्यानं हात वर केला.

आता आठवड्याला त्याचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. तू? जेवलो. मग तो म्हणायचा, "ठेवतो." परदेशात माणूस एकटं पडतं म्हणतात, मुक्ता एकटेपण गावाकडनंच बांधून घेऊन आली होती, इथं नुसती गाठ सोडली.

अल ऐन म्हणजे खजुराच्या बागा, बुटकी घरं, लांबवर एक उघडाबोडका डोंगर, आणि रस्त्यानं चालणारं माणूस दिसेल तर शपथ. साहेब इथल्या विद्यापीठात शिकवायचा. त्याची आई नेस्ताबाई. नवरा वारल्यावर लेकानं तिला वेल्समधनं आणली, आणि वर्षाच्या आत तिच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. तिकडचा हातपाय लुळा पडलाच, पण नवल असं की डोक्यातली इंग्रजी पार धुऊन निघाली. सारी हयात शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, आणि उरली ती फक्त आईच्या मांडीवर शिकलेली वेल्श, तीही तुकड्यातुकड्यांनी. आधीच्या दोन नर्सा चांगल्या शिकलेल्या. त्या इंग्रजीत बोलायच्या, ही भिंतीकडं तोंड करायची आणि चमचा थुंकून द्यायची. मुक्ताला इंग्रजीचा गंध नव्हता. त्या अर्थानं दोघी सारख्याच.

साहेबानं मुक्ताच्या फोनात आपल्या आवाजात चार शब्द भरून दिले. मुक्ता ते भांडी घासताना ऐकायची, कपडे वाळत घालताना ऐकायची. सकाळच्याला बोरे दा. "बोरं दे म्हंत्यात जनू," असं म्हणून तिनं ते एका दमात पाठ केलं. कशी आहेस, याला सित दाख खी. त्यातला ख घशातनं खाकरून काढायचा. तो तिला लगेच आला, तंबाखू खाणाऱ्या सासऱ्याच्या घरात जन्म गेलेला. चहाला पानाद. उपकाराला दीओल्ख. अडलं ते एका ल वर. नेस्ताबाईच्या गावाचं नाव त्या ल नं सुरू व्हायचं. जीभ टाळ्याला लावायची आणि दोन्ही बाजूंनी नुसता वारा सोडायचा. मुक्ता ल म्हणायची, ळ म्हणायची, थुंकी उडवायची. शेवटी एक दिवस नेस्ताबाईनं आपल्या धड असलेल्या डाव्या हातानं तिची हनुवटी धरली, मास्तरीण पोराची धरते तशी, आणि स्वतःच्या वाकड्या झालेल्या तोंडानं तो आवाज काढून दाखवला.

"आगं बया," मुक्ता म्हणाली, "वल्लं जळान चुलीत फुसफुसतंय त्ये!" आणि फुसफुसली.

नेस्ताबाई हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसली. त्या दिवशी तिनं वाटीभर सूप संपवलं.

एवढं झालं, पण संध्याकाळचा शब्द मुक्तानं घेतला नव्हता. साहेबानं फोनात हुइल भरून दिला होता, ती तो पुढं ढकलायची आणि निघताना नुसता नेस्ताबाईच्या गालावरनं हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडायची. माणदेशात माणूस मेंढरं घेऊन निघो की बाजाराला निघो, जातो म्हणत नाही. जातो म्हणायचं ते एकदाच, आणि तेव्हा म्हणायला तोंड उरलेलं नसतं. मुक्ता लहानपणी एकदा मामाच्या दारात "जाते" म्हणाली होती, तर आईनं तोंडावर उलटा हात मारला होता.

आता उपेंद्राच्या फोनानं शब्द दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं नेस्ताबाईचा हात हातात घेतला आणि ठसक्यात म्हणाली, "दुईन दोद."

नेस्ताबाईचे निळे डोळे लखलखले. तिनं मान हलवली, दोनदा. साहेब तेव्हा माडीवर अंघोळ करत असायचा, त्याच्या कानावर काही पडायचं नाही. मुक्ता रोज म्हणायला लागली. रोज ते डोळे तसेच लखलखायचे. तिला वाटलं, बघा, शेवटी माणसाची जात एक. चांगला शब्द कुणालाही गोडच लागतो.

आठवडा गेला असेल नसेल. एका सकाळी साहेबानंच दार उघडलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. आत नेस्ताबाई पलंगावर, आणि तिची नडगी गुडघ्यापासनं खाली वांग्यासारखी निळी पडलेली.

"गं बाई! कशानं झालं ह्ये?"

साहेबाला दोनचार हिंदी शब्द यायचे, मुक्ताला दोनचार इंग्रजी. उरलेलं फोन सांगायचा. तसं तुकडे जोडत त्यानं सांगितलं. आई रोज रात्री जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत दारापाशी नेते. झोपायच्या झग्यावर लोकरीचा कोट घालते, ह्या उकाड्यात. पर्स मांडीवर. चपलांच्या कपाटावर दोन कप मांडून ठेवते. झोपायला चल म्हटलं तर ऐकत नाही, हात धरला तर चावते. काल तिथंच डुलकी लागली आणि खुर्चीसकट कलंडली. डॉक्टर म्हणतात, डोकं आता चाललं. अबूधाबीत अशा लोकांना ठेवायची जागा आहे, कठड्याचे पलंग असतात. तो उद्या बघायला जाणार होता. आई तिथं गेली म्हणजे मुक्ताचं ह्या घरातलं काम संपलं. एजन्सी तिला दुबई मरीनात धाडणार होती, उंच इमारतीतल्या कुठल्यातरी घरी.

"कुणाची वाट बघते?" मुक्तानं फोनाला विचारायला लावलं.

साहेबानं खांदे पाडले. त्याची मावशी होती, कधीच वारलेली. तिचीच असेल. विचारलं की आई एकच सांगते, आणि ते त्यानं वेल्शमध्येच म्हटलं, "माए हीन दोद." ती येतेय.

दोद. मुक्ताच्या कानात तो शब्द काट्यासारखा रुतला.

ती भिंतीला टेकली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला लाज वाटली नाही की भीती वाटली नाही. पहिल्यांदा पोटात ऊब आली, थंडीत कुणी वाकळ टाकावी तशी. कुणीतरी कोट घालून, दोन कप मांडून, आपली वाट बघत होतं. पोटच्या पोरानं हात वर केला होता फोनवरनं, आणि ही परकी बाई लुळा पाय ओढत दारात बसत होती. मुक्ताला वाटलं, गप बसावं. अजून एक रात्र तरी.

मग तिनं ती नडगी बघितली. कातडी कागदासारखी पातळ, आणि खाली काळंनिळं रगत साकळलेलं.

"साब," ती म्हणाली, "मौसी नही. मैं. मैं बोलती रोज. दुईन दोद."

साहेबाला कळायला वेळ लागला. कळलं तसा तो खुर्चीवर बसला. "बट व्हाय?"

आता का म्हणून काय सांगायचं. तिनं फोन हातात घेतला आणि मराठीत घडाघडा बोलली, की आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, मग माणूस येवो न येवो. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, कुणी खुर्ची टाकून बसत नाही. फोननं त्याचं इंग्रजीत काय पीठ केलं देव जाणे. साहेब फोनाकडं बघत राहिला, मग आईकडं. रागावला असता तर मुक्ताला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "हुइल, मुक्ता. टुडे, प्लीज. हुइल." अबूधाबीला जायचं त्यानं एक रात्र पुढं ढकललं.

दिवसभर मुक्तानं नडगी बर्फानं शेकली. पानाद केला, पाजला. एकदा न्हाणीत दार लावून तिनं तो शब्द म्हणून बघितला. म्हणायला सोपा, हू म्हणून फुंकर घातल्यासारखा. त्याच्यात कुठं अडायला जागाच नव्हती, हेच तिला टोचलं.

संध्याकाळी बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. साहेब आज माडीवर गेला नव्हता, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मुक्तानं नेस्ताबाईचा हात धरला. नेस्ताबाई वर बघायला लागली, रोजच्या शब्दाची वाट बघत, डोळे आधीच उजळलेले.

"हुइल," मुक्ता म्हणाली.

डोळे जरा थांबले. दिव्याची वात खाली करावी तसे ते हळूच नेहमीचे झाले. "हुइल, कारियाद," नेस्ताबाई म्हणाली. कारियाद म्हणजे बाळा, हे साहेबानं पूर्वी सांगितलं होतं. तिनं मुक्ताचा हात सोडला, मान वळवली आणि टीव्हीकडं बघायला लागली. मुक्ता दारातनं वळून बघत होती, पण पलीकडनं आता कुणी बघत नव्हतं.

व्हॅनमध्ये उपेंद्रानं विचारलं, "काय मावशी, बोललात का हुइल?"

"गाडीकडं ध्यान दे मुडद्या," ती म्हणाली.

खोलीवर अन्वरीनं डाळ-भात वाढून ठेवला होता. मुक्तानं चार घास खाल्ले आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. आईचा उलटा हात अजून तोंडावर बसतोय असं वाटत राहिलं. आणि उद्या दार उघडल्यावर काय बघायला मिळेल, याचा घोर.

सकाळी साहेबानं दार उघडलं तेव्हा त्याची दाढी केलेली होती. आई रात्री आठलाच झोपली, घोरत होती, त्यानं सांगितलं. अबूधाबीचं नंतर बघू. तो पिशवी घेऊन गाडीकडं गेला.

नेस्ताबाई उशीला टेकून बसली होती. केस भुरभुर उडालेले.

"बोरे दा," मुक्ता म्हणाली.

"बोरे दा," ती म्हणाली. मुक्ता रोज येणारी बाई, रोज जाणारी बाई. त्यापेक्षा जास्त त्या आवाजात काही नव्हतं.

"सित दाख खी? पाय दुकतोय का गं?" मुक्तानं पांघरूण बाजूला केलं. निळ्याचा कडेनं पिवळा रंग व्हायला लागला होता. बरं व्हायची खूण. तिनं पदर खोचला, तपेल्यात कोमट पाणी ओतलं, फडकं पिळलं, आणि बोटांच्या बेचक्यांपासनं पाय पुसायला सुरुवात केली.