पॅनमनचं बोट

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो. त्या हंगामात कारखान्याने कामगारांची मधुमेह तपासणी सुरू केली. दर गुरुवारी बीडहून एक फार्मसिस्ट यायच्या. त्या बाकावर यंत्र मांडायच्या, बोटाला सुई टोचायच्या आणि गोळ्या कधी, कशा घ्यायच्या ते समजावून सांगायच्या. आकडे रजिस्टरात उतरवायचं काम माझ्याकडे होतं. बाई फळांच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. कामगार त्यांना आपा म्हणत. साखर कारखान्यात साखर तपासायला माणूस बाहेरून आणावा लागतो, यावर पहिल्या दिवशी सगळे हसून मोकळे झाले.

पॅनमनला हसू येत नव्हतं. पॅनमन म्हणजे पॅनमध्ये, उंचावरच्या मोठ्या भांड्यात, पाक शिजवून त्यातून साखरेचा दाणा काढणारा माणूस. आमचा धारूरकडचा होता, निवृत्तीला टेकलेला. सळईने पाक काढायचा, चिमटीत चोळायचा आणि दाणा तयार आहे की नाही ते सांगायचा. त्याचा आकडा पहिल्या दोन्ही गुरुवारी तीनशेच्या वर गेला होता. कारखान्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली: तिसऱ्यांदाही तसाच आला, तर पॅनवर चढायचं नाही. उंचावर, वाफेत चक्कर आली तर? उरलेला हंगाम वजनकाट्यावर काढायचा.

"काट्यावर काय करू? ट्रॅक्टर मोजत बसू?" तो म्हणाला.

आठवडाभर त्याने कारल्याचा रस प्यायला, भात सोडला, चहा बिनसाखरेचा घेतला. ऑफिसातला हिशेबनीस म्हणाला, "मामा, पोत्यात भरायची ती अंगातच भरली काय?"

तिसऱ्या गुरुवारी तो पाळी अर्धी टाकून सरळ पॅनवरून आला. आपांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली. चारशे बारा.

"कारलं बी दगा देऊन गेलं," पॅनमन म्हणाला. मी पेन उघडलं.

"थांबा," आपा म्हणाल्या. त्या बाकावरच्या ताटलीकडे बघत होत्या. आधी टाकलेल्या बोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"मामा, हात धुतले का?"

"तुमीच तर स्पिरिट लावलं."

"साबणानं?"

"कवा धुवू? उशीर झाला असता तर तुमीच म्हणाला असता, मामा पळाला."

आपांनी त्याचं बोट उजेडात धरलं. स्पिरिट फिरवूनही नखाच्या कडेला पाक चमकत होता. मग त्यांनी माझ्याकडून रजिस्टर घेतलं. पॅनवाले, पोती भरणारे, शिवणारे, सगळ्यांचे आकडे वर. ऑफिसवाल्यांचे खाली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे मी कारखान्याची साखर मोजतेय."

पॅनमनने साबणाने हात धुतले, कोरडे केले. दुसऱ्या बोटाचा आकडा आला एकशे शहाण्णव. गोळी चालूच राहणार होती; पॅन मात्र वाचला. डॉक्टरांनी फोनवर तसं सांगितलं. आधीच्या आकड्यांवर मी रेघ मारली. नळाला रांग लागली.

आपांनी त्याला जाऊ दिलं नाही.

"मामा, पाक चाखता का?"

"चाखावा लागतोय."

"दाणा बोटाला कळतो ना?"

"बोटाला कळतो. जिभेनं खात्री होती."

"दिवसातून किती खात्री?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "लई न्हाई. एका पॅनला दोनदा. फार तर चारदा."

"दिवसात पॅन किती?"

तो बोटांवर मोजू लागला. आपांनी मला लिहायला सांगितलं: गोळी जेवणाबरोबर, चाखणे बंद. रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

हजेरीच्या कामासाठी थोड्या वेळाने मी पॅनवर गेलो. पॅनमनने सळई ओढली, पाक चिमटीत चोळला. हात सवयीने तोंडाकडे गेला आणि हनुवटीपाशी थांबला. शेजारी नवा केमिस्ट उभा होता. पॅनमनने सळई त्याच्यापुढे धरली.

"साहेब, माझ्या वाटची खात्री तुमी करा."

केमिस्टने बोटाने पाक घेऊन जिभेवर ठेवला. बराच वेळ घोळवला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"गोड हाय ते मला बी ठावं हाय," पॅनमन म्हणाला. "दाणा कसाय ते सांगा."